दुखत नाई ना वं!

ऑक्टोबरात अमरावती-अकोल्यात स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीच्या गुलाबी फिती लागतात. शिबिरं होतात, एखाद्या वेळी मॅमोग्राफीची गाडीही येते. नेमका तेव्हाच आमच्याकडे कापूस फुटतो. जिला तपासायचं, ती ओटी बांधून वावरात असते.

मूर्तिजापूर तालुक्यात 31 वर्षं मी आरोग्य सेविका होते. 2016 च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या बाईची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी, उपकेंद्रावर, हातानं व्हायला हवी. होतं असं की, आशाताई सीबॅकचा, म्हणजे आजारांच्या जोखमीचा, फॉर्म भरताना गाठीचं विचारते, शेजारी सासू बसलेली असते, बाई ‘नाई’ म्हणते. पुढे रजिस्टरात ‘तपासणी केली’. सुरुवातीला अशा खोट्या खुणा मीही केल्यात, आता निवृत्तीनंतर लपवायचं काय? उपकेंद्रातल्या पलंगावर औषधांचे खोके, पडदा नाही, खिडकीसमोर पार. पोलक्याची गुंडी कोण काढेल? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्तनतपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या 0.9 टक्के. म्हणजे देशात शंभरात एकही पुरती नाही.

पुढे शिकले, करूही लागले. हात आधी चोळून गरम करायचे, नाहीतर बाई अंग चोरते. तीन बोटांच्या पेरांनी आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल. हासळीच्या हाडापासून खालपर्यंत आणि काखेत. घाई केली की गाठ सुटते. एकीच्या काखेकडच्या बाजूला चिंचोक्याएवढी टणक गाठ लागली, वरची कातडी आत ओढलेली. आठ महिन्यांपासून तिला माहीत होती. “गाठ हाय, पन दुखत नाई ना वं सिस्टर, मंग कायले दाखवू?” दुखली असती तर दुसऱ्याच दिवशी आली असती.

हाताच्या तपासणीला हसणाऱ्यांनी टाटा रुग्णालयाचा मुंबईतला अभ्यास पाहावा. 1998 पासून, वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बायका. निम्म्या वस्त्यांत तपासणी दर दोन वर्षांनी, तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. वीस वर्षांनी हिशेब लागला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीआत मृत्यू घटले नाहीत, हेही सांगायलाच हवं. पण रोग आधीच्या टप्प्यावर सापडला. तरुण बाईत मॅमोग्राफीही अडखळते. स्तन दाट असला की चित्रात तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच.

मशीन नको, असं मी म्हणत नाही. हाताला गाठ लागली की पुढे मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची तपासणी लागतेच. पण गाडीच्या आधी पलंग मोकळा करा, पडदा लावा, सिस्टरला शिकवा आणि पन्नाशीपुढच्या बाईला पाच नव्हे, दोन वर्षांनी बोलवा. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरला, गिनीजमध्ये नोंद झाली. एका पडद्याला किती तास लागावेत?

माझ्या उपकेंद्रात शेवटी मी घरचं जुनं नऊवारी दोरीवर टाकलं होतं. निवृत्त होताना ते तिथंच ठेवून आले. परवा नव्या सिस्टरचा फोन आला, “मॅडम, लुगडं विरलं. दुसरं हाय काय?”