कॅमेरा खाली कधी घ्यायचा?

आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या वह्यांवर, नाहीतर कंपासपेटीवर, शर्यतीच्या मोटारीचे चित्र चिकटवलेले दिसते. बहुधा ती लाल फेरारीच असते. इंदूरजवळ पीथमपूरला 2021 साली 11.3 किलोमीटरचा वेगचाचणी मार्ग सुरू झाला. तेथे गाड्यांची चाचणी होते, शर्यत नव्हे. तरीही त्याच्या गोष्टी वर्गात रंगतात. 2011 ते 2013 अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिच्या आठवणी मोठी भावंडे सांगतात. मात्र वहीवरचे ते चित्र कोणीतरी उन्हापावसात उभे राहून टिपलेले असते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते टिपणारा छायाचित्रकार आणि मोटारीतला चालक यांच्यात अनेक वर्षांची धुसफूस आहे. आज तिच्याविषयी लिहिण्याचे कारण आपल्या शाळेतच घडले आहे. ते पुढे सांगतोच.

या धुसफुशीला थट्टेचेही रूप होते. मोटार शर्यतींच्या पत्रकारांची एक आंतरराष्ट्रीय संघटना चालकांना दोन बक्षिसे देत असे. पत्रकारांशी आणि छायाचित्रकारांशी सौजन्याने वागणाऱ्याला संत्रे, आणि ज्याच्याशी बोलणेच नको असे वाटावे त्याला लिंबू! बक्षीस गमतीचे असले तरी त्यामागची तक्रार खरी होती. ज्यांच्या कॅमेऱ्यामुळे तुम्ही घराघरांत पोहोचता, त्यांच्याशी दोन शब्द नीट बोलायला काय हरकत आहे, असे पत्रकारांचे म्हणणे.

त्यात तथ्य आहे. शर्यतीच्या मोटारीवर आणि चालकाच्या अंगरख्यावर किती कंपन्यांची नावे असतात ते पाहा. ती छायाचित्रात दिसतात म्हणून कंपन्या पैसे मोजतात, आणि त्या पैशावर संघ चालतात. शिवाय छायाचित्रकाराचे काम सुखाचे नाही. जड भिंगे खांद्यावर घेऊन तासन्‌तास उभे राहायचे, धावत्या मोटारीबरोबर कॅमेरा फिरवायचा आणि एका क्षणात नेमके साधायचे. जिवाची जोखीम वेगळीच. 7 जुलै 2013 रोजी जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीत मार्क वेबरच्या मोटारीचे चाक नीट बसण्याआधीच मोटार सुटली. निखळलेले चाक उसळत गेले आणि चित्रीकरण करणाऱ्या एका कॅमेरामनवर आदळले. त्याच्या बरगड्या आणि गळपट्टीचे हाड मोडले. त्यानंतर मोटारींची चाके बदलतात त्या भागात कॅमेरेवाल्यांनी उभे राहण्यावर कडक बंधने आली.

आता दुसरी बाजू. शर्यत सुरू होण्यापूर्वीची काही मिनिटे आठवा. मोटारी रांगेत उभ्या असतात, भोवती मेकॅनिक, पाहुणे आणि कॅमेरेवाले यांची झुंबड. थोड्याच वेळात तीनशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला मन एकाग्र करायचे असते, आणि त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर भिंग आलेले असते. 2008 साली सिल्व्हरस्टोनला किमी रायकोनेनने जवळून छायाचित्र घेणाऱ्या एका अनुभवी छायाचित्रकाराला ढकलले आणि त्याची मोठी बातमी झाली. रायकोनेन त्या वेळी विश्वविजेता होता. धक्काबुक्कीचे समर्थन आम्ही करणार नाही. मैदानावर कोणी असे केले तर आपल्या शाळेतही शिक्षा होते. पण माणूस इतका का चिडतो, हा प्रश्न तरी स्वतःला विचारायला हवा.

मैदानावरची चिडचिड एक वेळ सोडून देता येईल. माणूस दुःखात असताना कॅमेरा कसा वागतो, ही खरी कसोटी आहे. डिसेंबर 2013 मध्ये, सात वेळा विश्वविजेता ठरलेला मायकेल शूमाकर फ्रान्समध्ये बर्फावर घसरताना पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. ग्रेनोबलच्या रुग्णालयाबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी जमली. पाद्र्याचा वेष घालून एक पत्रकार त्याच्या खोलीपर्यंत पोहोचू पाहत होता, असे त्याच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितले. अखेर जानेवारी 2014 मध्ये शूमाकरच्या पत्नीला आवाहन करावे लागले : डॉक्टरांना काम करू द्या, कृपया रुग्णालयासमोरून जा. पुढे त्याची खाजगी छायाचित्रे उघड करण्याची धमकी देऊन कुटुंबाकडे दीड कोटी युरो मागण्यात आले, आणि त्या प्रकरणात 2025 मध्ये जर्मनीतील न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. आजारी माणसाच्या फोटोला एवढी किंमत येते, कारण तो पाहायला उत्सुक लोक असतात. त्या लोकांत आपणही आहोत का, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग अपघाताची छायाचित्रे काढूच नयेत का? आम्हांला तसे वाटत नाही. मे 1967 मध्ये मोनाकोला लोरेन्झो बांदिनीची मोटार उलटून पेटली. कडेला लावलेल्या वाळल्या गवताच्या गठ्ठ्यांनी आग भडकली. तीन दिवसांनी बांदिनी गेला. ती आग जगाने पाहिली, म्हणून त्या गठ्ठ्यांचा धोका नाकारणे कोणाला शक्य राहिले नाही. पुढे फॉर्म्युला वनच्या मार्गांवरून ते गेले. अशी चित्रे कठोर असली तरी उपयोगाची असतात, त्यांच्यामुळे पुढचा जीव वाचतो. कशासाठी काढले आणि कोणाला दाखवले, यावर छायाचित्राचे बरेवाईटपण ठरते.

याबाबतीत एका छायाचित्रकाराचे उदाहरण आम्हांला फार मोठे वाटते. 1 मे 1994 रोजी इटलीतील इमोला येथे आयर्टन सेन्नाची मोटार भिंतीवर आदळली. तीनदा विश्वविजेता झालेला हा ब्राझीलचा चालक तेव्हा 34 वर्षांचा होता. त्याचा मित्र अँजेलो ओर्सी एका इटालियन नियतकालिकासाठी छायाचित्रे काढत असे, आणि त्या दिवशी तो तेथेच होता. डॉक्टर सेन्नावर उपचार करत असताना ओर्सीने छायाचित्रे घेतली. त्याचे ते कामच होते. सेन्ना वाचला नाही. ती छायाचित्रे जगातल्या कोणत्याही वर्तमानपत्राने हवी ती किंमत देऊन घेतली असती. ओर्सीने ती सेन्नाच्या घरच्यांना दाखवली आणि कधीच प्रसिद्ध केली नाहीत. त्याने कॅमेऱ्याचा धर्मही पाळला आणि मित्राचाही.

आता शाळेची गोष्ट. आपल्या मागच्या क्रीडा दिनी रिले शर्यतीत सहावीतली एक मुलगी शेवटच्या वळणावर पडली. हातातली दांडी लांब उडाली, संघ हरला, गुडघा फुटला आणि तिला रडू कोसळले. शिक्षक तिच्याजवळ पोहोचण्याआधी मोबाईल पोहोचले. संध्याकाळपर्यंत तिचा रडवेला फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत होता, कोणी त्याखाली हसरी तोंडे टाकली होती. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही.

यात दोष फक्त पालकांचा, असे आम्ही म्हणणार नाही. तिचा एक फोटो आमच्याकडेही होता, फार बोलका होता, आणि या वार्तापत्राच्या मुखपृष्ठासाठी आम्ही तोच निवडला होता. तिची आजी शाळेत आली. आवाज न चढवता तिने एवढेच विचारले, ‘‘बाई, हिने पळायचे सोडून दिले तर तुम्ही काय छापाल?’’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुखपृष्ठ बदलले. रुग्णालयाबाहेरच्या गर्दीला नावे ठेवणे सोपे होते. आम्हीही तसेच वागत होतो, हे त्या दिवशी कळले.

काही पालक म्हणतील, आमच्या मुलांचे फोटो आम्ही काढायचे नाहीत का? जरूर काढा. दहा वर्षांनी तेच फोटो पाहून घरात हसू येईल. पण तुमच्या मुलाच्या फोटोत दुसऱ्याचेही मूल असते, आणि ते पडलेले असेल तर त्याला नाही म्हणण्याचे बळ त्या क्षणी नसते. त्याच्या वतीने मोठ्यांनी थांबायचे असते.

म्हणून येत्या क्रीडा दिनापूर्वी विश्वस्त मंडळाने तीन गोष्टींचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. पहिली, धावपट्टी आणि समाप्तीरेषा मोकळी ठेवून फोटो काढणाऱ्यांसाठी चुन्याने वेगळी जागा आखावी. दुसरी, पडलेल्या, रडणाऱ्या किंवा दुखापत झालेल्या मुलाचा फोटो त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कोणीही पुढे पाठवू नये. हा नियम या वार्तापत्रालाही लागू असावा. तिसरी, छायाचित्रणाची आवड असलेल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना दंडावर पट्टी बांधून त्या दिवसाचे अधिकृत छायाचित्रकार नेमावे आणि आधी एक दिवस त्यांना हे काम शिकवावे. कॅमेरा कसा धरायचा हे ती लवकर शिकतील. कधी खाली घ्यायचा, हे मात्र आपण त्यांना सांगायला हवे आणि आधी स्वतः करून दाखवायला हवे.

ती मुलगी यंदा पुन्हा रिलेच्या संघात आहे. रोज दुपारी मैदानावर सराव करते. तिचा धावतानाचा फोटो या अंकात छापावा का, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, ‘‘शर्यत झाल्यावर सांगते.’’ आम्ही थांबलो आहोत.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी या सूचनांवरची आपली मते, विरोधाची असली तरी, वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावीत. पुढच्या अंकात त्यांना जागा देऊ.