नाडी सापडत नाही तेव्हा...

दादर असो वा कोलकात्याचे डमडम, तरुण मुलीला चक्कर आली, हात दुखू लागला की घरचे 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिकची बाटली आणतात. पण कधी कधी कारण निराळेच असते.

ताकायासू हा दुर्मीळ आजार प्रामुख्याने चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच महाधमनीवर व तिच्या शाखांवर उलटते. धमन्यांना सूज येते आणि रक्ताची वाट अरुंद होते. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांत दिसलेल्या त्याच्या खुणांचे वर्णन केले. कित्येक रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही.

सुरुवातीला बारीक ताप, थकवा, वजन घटणे; पुढे काम करताना हात भरून येणे. रक्तदाब वाढलेला असतो, पण अरुंद धमनीच्या हातावर तो कमीच दिसतो! म्हणून दोन्ही हातांवर रक्तदाब मोजून घ्यावा. वारंवार 10 अंकांहून अधिक फरक आढळल्यास तज्ज्ञांना दाखवावे. आजार वेळीच ओळखला तर स्टेरॉइड व इतर औषधांनी आटोक्यात राहतो. मात्र बरे वाटले म्हणून औषधे मनाने बंद करू नयेत.