एका ‘हेड’ला किती डोकी?

इंग्रजीतला सगळ्यात राबणारा शब्द कोणता असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, ‘हेड’. बालवर्गात डोक्यावर हात ठेवून तो म्हणायला शिकवतात तेव्हा वाटतं, झालं, आला आपल्याला शब्द! पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर तो संपतच नाही. वर्कशॉपमध्ये लेथला हेडस्टॉक, इंजिनाला सिलिंडर हेड, बोल्टला हेड, हार्ड डिस्कमध्ये रीड-राइट हेड, ‘सी’ शिकताना पहिल्याच ओळीत हेडर फाइल, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये प्रेशर हेड आणि व्हेलॉसिटी हेड, आणि या सगळ्यांच्या जर्नलवर सही करायला हेड ऑफ द डिपार्टमेंट. (शेवटच्या हेडचं प्रेशर किती असतं ते सबमिशनच्या आठवड्यात विचारा.)

हे झालं आपल्या धंद्यातलं. बाहेर तर मजाच आहे. बिअरवरचा फेस म्हणजे हेड. लसणाचा गड्डा हेड. गुरं मोजायची तर ‘फॉर्टी हेड ऑफ कॅटल’, तेही शेवटी एस न लावता. कोबीच्या गड्ड्यालाही हेडच, आणि गंमत म्हणजे ‘कॅबेज’ हा शब्दच डोकं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय. म्हणजे ‘हेड ऑफ कॅबेज’ म्हणजे डोक्याचं डोकं! जहाजावरच्या संडासालासुद्धा हेड म्हणतात, कारण शिडाच्या जहाजांवर ती सोय पार पुढच्या टोकाला, जहाजाच्या डोक्याकडे असायची. मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, नाहीतर हेडला भेटायला जाल आणि भलतीकडेच पोचाल.

आता समानार्थी शब्द. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे सिनॉनिम्सची यादी घोकण्यात माझं बालपण गेलं. स्कल, पेट, नॉगिन, नट, क्राउन... परीक्षेत पाच लिहा, पाच मार्क घ्या. पण हे शब्द एकाच्या जागी दुसरा चालतात का? ‘पेट’ बहुतेक वेळा टकलाला, ‘स्कल’ हाडांच्या सापळ्याला. ‘नॉगिन’ म्हणजे मुळात छोटा पेला, तो नंतर थट्टेनं डोकं झाला. लंडनचे कॉकनी लोक यमक जुळवून बोलायचे, तिथे ‘लोफ ऑफ ब्रेड’चं यमक ‘हेड’शी जुळलं, आणि पुढे यमक गळून नुसता लोफ उरला. म्हणून इंग्रज ‘यूज युअर लोफ’ म्हणतो तेव्हा तो पाव खायला सांगत नसतो, डोकं चालवायला सांगत असतो.

मराठीत हीच गोष्ट जास्त चांगली कळते. मस्तक देवापुढे नमतं, माथा टेकवायचा असतो, डोकं भिंतीवर आपटायचं असतं. टाळकं फक्त सटकतं. तुळस वारकरी बाईच्या डोईवर असते, टाळक्यावर नाही! आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्री आपल्याला जो होतो तो डोक्याला शॉट. मस्तकाला शॉट झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या शाळेत ‘डोन्ट ईट माय हेड’ म्हटलं की टीचर ओरडायच्या, असं इंग्रजी नसतंच म्हणून. नसेल. पण डोकं खाणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. थर्ड सेमला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लेक्चरला बर्नुलीचं समीकरण चालू होतं. हेड म्हणजे एकक वजनामागची ऊर्जा, युनिट मीटर, लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक मुलगा उठला आणि मराठीतच म्हणाला, “सर, याला हेड का म्हणतात? आमच्या कालव्याचं हेड असतं, ते आणि हे एकच का?” वर्ग हसला. उत्तर मिळालं, हे सिलॅबसमध्ये नाही.

माझं म्हणणं आहे की त्या सेमिस्टरमधला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. आम्ही कॉन्व्हेंटवाले त्या शब्दावरून सरळ पुढे गेलो, कारण शब्द ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे समजलेला, असं आपण धरून चालतो. तो मुलगा अडखळला, कारण त्याच्या गावी हा शब्द रोजच्या वापरातला आहे. कालव्याच्या सुरुवातीला हेड, शेवटाला टेल. पाणी हेडवाल्यांना मिळतं आणि टेलवाले वाट बघत बसतात, म्हणून ‘टेल टू हेड’ आवर्तन द्या अशी मागणी होते. विहिरीवर मोटर घ्यायची तर शेतकरी दुकानात पहिलं विचारतो, किती हेडची? त्याला बर्नुली माहीत नसेल, पण पाणी किती मीटर चढणार हे त्याला नेमकं माहीत असतं.

आणि उत्तरही काही फार लांब नाही. पाणचक्कीच्या वरच्या अंगाला पाणी अडवायचं, ते चक्कीचं हेड. खालून निघून जायचं ती टेल. वरचं पाणी खालच्यापेक्षा जितकं उंच, तितका चक्कीला जोर. म्हणून ती उंचीच हेड झाली, आणि म्हणून ते मीटरमध्ये मोजतात. ज्यूल भागिले न्यूटन केलं तरी मीटरच उरतो. दहा मीटर उभ्या पाण्याचा दाब साधारण हवेच्या दाबाएवढा. आजही जलविद्युत केंद्रात हेडरेस आणि टेलरेस हेच शब्द आहेत. कोयनेचं पाणी घाटमाथ्यावरून पोफळीला उतरतं. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं, तेही अशाच उंचीवर चालतं. घाटमाथा! शब्द आपल्याकडे तयारच होता की.

माझी एक थिअरी आहे. इंग्रजी माणूस वस्तूकडे आडव्या जनावरासारखं बघतो, पुढे हेड, मागे टेल. लेथ घ्या, कालवा घ्या, नाणं घ्या. मराठी माणूस उभ्या माणसासारखं बघतो, वर माथा, खाली पायथा. (इंग्रजी डोंगरालाही फूट असतो, त्यामुळे थिअरी जरा लंगडते, पण चालून घ्या.) आणि डोक्यांचा हिशोब तर आपण जोरात केलाय. लॅटिनमधल्या ‘पर कॅपिटा’ला आपण ‘दरडोई’ म्हणतो. जनगणनेला शिरगणती म्हणायचो. माथ्यावरून ओझं वाहणारा तो माथाडी, आणि हा शब्द १९६९ च्या कायद्याच्या नावातच आहे. एवढे शब्द असताना तांत्रिक शब्द करायची वेळ आली की आपण डोकं बाजूला ठेवून ‘शीर्ष’ शोधायला का धावतो, हे मला कळत नाही. इंग्रजांनी कुठे लॅटिन ‘कॅपुट’ घेतला? त्यांनी चक्कीवाल्याचा हेड उचलला आणि तोच पुस्तकात छापला.

प्रेशर हेडला ‘पाण्याचा माथा’ म्हणा, असं मी त्या मुलाला सुचवलं. तो म्हणाला, माथा चालेल, पण पंपाच्या दुकानात हेडच म्हणावं लागेल. तेही खरंच. लिंक्ड लिस्टच्या हेडवरून मात्र होस्टेलवर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो ‘शेंडा’, दुसरा म्हणतो रांगेला तोंड असतं, तर लिस्टलाही ‘तोंड’च.