ट्यूबलेस चाकाचा कैवार

पुणतांब्यासारख्या गावी, जिथे कालव्याच्या पाण्याने भिजणारी काळी जमीन, बांधाबांधावर उभी असलेली बाभूळ आणि रस्त्याच्या कडेने भुईसरपट पसरणारा सराटा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत, तिथे माउंटन सायकलला ट्यूबलेस टायर बसविणे ही निव्वळ शहरी हौस होय, आणि हौसेखातर ते बसविलेच तरी त्यांची निगा घरच्या घरी राखणे अशक्य आहे, असे एक मत अलीकडे मोठ्या निश्चयाने मांडले जाते. मत मांडणारे माझे स्नेही आहेत. त्यांपैकी काहींचे उभे आयुष्य सायकलीवर गेले आहे आणि त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. तथापि ते मत मला निखालस चुकीचे वाटते, आणि ज्या मुलांनी नव्या सायकली घेतल्या आहेत ती या मतापायी चांगले साधन अडगळीत टाकताना दिसतात, म्हणून त्याचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडावा आणि मग तो सहज पाडावा, हे वादाच्या नीतीला सोडून आहे. सबब तो आधी पुऱ्या बळानिशी मांडतो. ट्यूबच्या चाकात काटा शिरला तर स्टेशनच्या वाटेवरचा कोणताही पंक्चरवाला ट्यूब बाहेर ओढतो, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, रबर घासून सोल्युशन लावतो, ठिगळ दाबतो आणि पाव तासाच्या आत माणूस मार्गस्थ होतो. ट्यूबलेसला मात्र त्या कामाची रिम हवी, रिमच्या आत हवा न सोडणारी पट्टी हवी, ओतायला सीलंट हवे, टायरची कड रिमच्या खोबणीत बसवायला कॉम्प्रेसर हवा. आणि एवढे सगळे करून ते सीलंट कालांतराने सुकते ते सुकतेच. गावाने केव्हाच सोडविलेला प्रश्न पुन्हा अवघड कशासाठी करावा?

या युक्तिवादाच्या तळाशी एक समजूत दडलेली आहे : ट्यूब ही सायकलीबरोबरच जन्मली, आणि तिला हात लावणे म्हणजे सिद्ध झालेल्या गोष्टीत ढवळाढवळ करणे. इतिहास याला अनुकूल नाही. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा तो टायर चाकाला चिकटविलेला असे आणि तो उकलून दुरुस्त करणे हे तासन्‌तासांचे काम होते. १८९१ साली फ्रान्समधल्या मिशलॅं बंधूंनी काढता-घालता येणारा टायर पुढे आणला. त्याच वर्षीची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत शार्ल तेराँ याने त्या टायरांवर जिंकली, आणि रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या हाताने पंक्चर काढणे सामान्य सायकलस्वाराच्या आवाक्यात आले. म्हणजे आज जिला आपण परंपरा म्हणतो, ती आपल्या काळी एक नवी सोयच होती, आणि ती टिकली ती दुरुस्ती माणसाच्या हाती आणून दिल्यामुळे. पुढे १९९९ साली माव्हिक, हचिन्सन आणि मिशलॅं या कंपन्यांनी मिळून माउंटन सायकलसाठी ट्यूबलेस रिम-टायरची एक पद्धत बाजारात आणली. ट्यूबच्या कैवाऱ्यांनी ज्या मिशलॅंची साक्ष काढावी, त्याच नावाने शंभर वर्षांनी ट्यूब बाहेर काढली.

आता शहरी हौसेचा आक्षेप. २०१७ सालच्या १ जूनला महाराष्ट्रात जो शेतकऱ्यांचा संप उभा राहिला त्याची हाक याच गावच्या ग्रामसभेतून उठली होती. आपल्या अडचणींचा विचार करण्यासाठी या गावाला शहराची परवानगी कधी लागली नाही. ट्यूबलेस टायरचा विचार तर शहरापेक्षा इथेच अधिक लागू पडतो, आणि त्याचे कारण सराटा. पावसाळ्यानंतर या वेलीची पिवळी फुले जाऊन जे फळ धरते, ते वाळले की फुटून पाच फाकी होतात, आणि प्रत्येक फाकेला दोन टणक काटे अशा बेताने असतात की ती कशीही पडली तरी एक टोक वर राहते. बाभळीचा काटा निदान डोळ्यांना दिसतो. सराटा मातीच्या रंगाचा. कालव्याच्या भरावावरून एक फेरी मारली की टायर उलटून पाहावा, पाच-सहा फाकी रुतलेल्या सापडतात. ट्यूबच्या चाकाला यांतली एक पुरते.

ट्यूबलेसच्या पोटात जे सीलंट असते ते बहुतेक प्रकारांत नैसर्गिक रबराचा चीक असते. रुईचे पान खुडले की पांढरा चीक येतो आणि थोड्या वेळाने जखमेवर त्याची खपली धरते, हे शेतातल्या पोराला सांगावे लागत नाही. केरळातले रबराचे झाडही तेच करते. मनुष्याने त्या चिकात तो गोठू नये म्हणून अमोनिया घातला, लवकर सुकू नये म्हणून ग्लायकॉलसारखी द्रव्ये मिसळली, मोठे छिद्र बुजावे म्हणून बारीक कण सोडले, आणि तो चाकात ओतला. काटा निघाला, हवा सुटू लागली, की चीक छिद्राकडे धाव घेतो, कण अडकतात, रबर गोठते, दोन-चार फेऱ्यांत छिद्र बंद होते. शिवाय ट्यूबच नसल्यामुळे दगड आणि रिम यांच्यामध्ये तिला चिमटा बसून दुहेरी भोक पडण्याची भीतीही नाही. म्हणून सत्तर किलो वजनाचा स्वार जिथे ट्यूबमध्ये पस्तीस-चाळीस पौंड हवा ठेवी, तिथे सव्वादोन इंची ट्यूबलेसमध्ये साधारण बावीस ते अठ्ठावीस पौंडांत चालतो. मऊ टायर ढेकळांवर पसरतो, चाक उडत नाही.

आणि तो चीक सुकतो, हे मात्र खरे आहे. इथे मला माझ्याच पक्षातल्या एका मताचे खंडन केले पाहिजे, कारण सर्वांत अधिक नुकसान त्यानेच केले आहे. सीलंट एकदा ओतले की चाक निर्धास्त, असे सांगणारे उत्साही लोक आहेत, आणि एका उन्हाळ्यात मीही त्यांच्यावर विसंबलो होतो. मेच्या मध्यात चांगदेव महाराजांच्या समाधीपासून निघून कालव्याकाठाने गेलो असता मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला आणि हवा सुटली ती सुटलीच. घरी येऊन टायर उघडला तेव्हा आत ओला थेंबही नव्हता. कडेला रबराची वाळकी साय तेवढी धरली होती. जानेवारीत ओतलेला चीक चार महिन्यांत संपला होता. नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, आणि चिकातले पाणी टायरच्या भिंतींतून हळूहळू उडून जाते. थंड देशात जे सहा महिने टिकते ते इथे फाल्गुनानंतर दोन महिनेसुद्धा टिकेल याची हमी नाही. दोष त्या साधनाचा नव्हता. मी त्याची विचारपूस केली नव्हती, हा माझा दोष होता, आणि त्या दिवसाची पायपीट मला न्याय्य वाटते.

तेव्हा निगा घ्यावीच लागते. ती घरी घेता येत नाही, हा आक्षेप मला सगळ्यांत अधिक लागतो, कारण तो आपल्या माणसांच्या हाताला कमी लेखतो. या पट्ट्यात ज्याच्याकडे ठिबक आहे तो शेतकरी स्वतः फिल्टरची जाळी धुतो, नळ्यांची टोके सोडून गाळ काढतो, क्षार साचले तर मापाने आम्ल सोडतो, आणि पंधरा लिटरच्या पंपात औषध किती मिलिलिटर घालायचे याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. त्या हाताला चाकात साठ मिलिलिटर चीक सोडणे जमणार नाही असे म्हणणे हा त्या हातावर अन्याय आहे.

काम तरी काय आहे? आठवड्यातून एकदा हवा मोजावी. महिन्याला चाक सोडवून कानाजवळ हलवावे. आत द्रव डचमळला तर ठीक, नाही तर वॉल्व्हची सुई पान्याने फिरवून बाहेर काढावी आणि त्या भोकातून चीक आत सोडावा. त्यासाठी गुरांच्या औषधाच्या दुकानात मिळते ती मोठी पिचकारी, सुई न लावता, पुढे बारीक नळी जोडून, उत्तम चालते. एकोणतीस इंची चाकाला नव्याने भरताना शंभर मिलिलिटरच्या आसपास लागतात, भर घालताना त्याच्या निम्मे. बाटली आधी चांगली हलवावी, कारण कण तळाशी बसतात; ही एवढी गोष्ट न केल्यामुळे नुसते पांढरे पाणी ओतून सीलंटला नावे ठेवणारे मी पाहिले आहेत. वॉल्व्हच्या सुईवर रबर धरले असेल तर ते नखाने सोलून काढावे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, टायर पुरता उघडावा, जुनी साय ओढून काढावी, रिमवरची पट्टी कुठे सुटली आहे का ते बोटाने चाचपावे. ती साय आणि उरलेला चीक नालीत किंवा नदीत जाता कामा नये. जुन्या डब्यात वाळू द्यावा, म्हणजे रबराचा गोळा होऊन निघतो.

राहिला कॉम्प्रेसर. टायर नवा असेल किंवा बरेच दिवस घडी घालून ठेवलेला असेल, तर त्याची कड साध्या पंपाने खोबणीत बसत नाही, हे कबूल. तिथे एक युक्ती आहे : आधी आत साधी ट्यूब घालून हवा भरावी आणि चाक रात्रभर तसेच ठेवावे, म्हणजे दोन्ही कडा जागेवर बसतात, सकाळी एकच बाजू उघडून ट्यूब काढावी, ट्यूबलेस वॉल्व्ह लावावा, उघडलेल्या कडेला साबणाचे पाणी फिरवावे, वॉल्व्हची सुई काढून मोकळ्या भोकातून उभ्या पंपाने जोराने हवा मारावी. खट्‌खट्‌ असे दोन-तीन आवाज झाले की कड बसली. मात्र टायरवर आणि रिमवर छापलेल्या कमाल दाबाच्या पुढे कदापि जाऊ नये.

खर्चाविषयी फार बोलावेसे वाटत नाही. वर्षाच्या चिकाच्या खर्चाशेजारी वर्षाच्या ठिगळांचा आणि फुकट गेलेल्या सकाळींचा हिशेब मांडावा, म्हणजे आकडे आपोआप बोलतील.

माझ्या कैवाराला एक मर्यादा आहे आणि ती मी आपण होऊन घालतो. आजोबांची काळी सायकल, जिच्यावरून दुधाचे कॅन जातात, तिच्या रिममध्ये ट्यूबलेसची खोबणी नाही. तिला पट्टी चिकटवून जबरदस्तीने ट्यूबलेस करणे धोक्याचे आहे, कारण भार घेऊन वळताना कड सुटली तर माणूस पडतो. तिला ट्यूबच शोभते, आणि ती ट्यूब पंक्चरवाल्याच्याच हाती असावी.

त्या पंक्चरवाल्याची भाकरी या मंडनाने जाईल, अशीही शंका एकाने बोलून दाखविली. पण मोटारसायकलींचे टायर ट्यूबलेस होऊन बरीच वर्षे झाली, आणि त्यांत बत्ती भरून पंक्चर काढण्याचे काम आज तोच करतो; काट्याने मोठी चीर पडली, किंवा कड काही केल्या बसेना, तर सायकलवालाही त्याच्याच दारी जाणार. अडचण एवढीच होती की त्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारीच्या जाड वॉल्व्हला बसते, या सायकलींच्या बारीक फ्रेंच वॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी बोटाच्या पेराएवढा एक पितळी जोड मिळतो. गेल्या दिवाळीत मी तसा एक आमच्या गावच्या दुकानात नेऊन दिला. मालकाने तो उलटसुलट करून पाहिला, एका मुलाच्या चाकावर लावून पाहिला, आणि मग पान्यांच्या रांगेत एक खिळा ठोकून त्याला टांगला.