फडताळाचा हिशेब

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास वर येतात: गेल्या वर्षीचा आकाशकंदील आणि कपाटांचा प्रश्न. यंदा दुसरा प्रश्न मिटला आहे. मात्र तो मिटवण्यासाठी मराठी शिकवणाऱ्या या गृहस्थाला भर चाळिशीत पुन्हा अंकगणिताला बसावे लागले. तो हिशेब वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

मध्यंतरी वर्गात मी ‘फडताळ’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. बराच वेळ शांतता. शेवटी एक मुलगा धीर करून म्हणाला, “सर, ताळेबंदाचाच काही प्रकार असावा.” मी हसलो. आज वाटते, मुलगा अगदीच चुकला नव्हता.

औंढ्याकडच्या आमच्या गावच्या घरात भिंती दगड-मातीच्या आणि दोन-अडीच फूट जाडीच्या. गवंडी भिंत रचतानाच जागा सोडीत जाई. दिव्यासाठी कोनाडा, डब्यांसाठी आणि कपड्यांसाठी फडताळ. आत चार फळ्या, बाहेर दोन दारे, की झाले काम. फडताळाची खोली भिंतच देई. तिचे वेगळे पैसे कुणी मागत नसे. हिंगोलीतल्या आमच्या आजच्या घराची बाहेरची भिंत नऊ इंचांची आणि आतली साडेचार. आता कपाटाची खोली आपल्या खोलीतूनच कापून द्यायची, आणि वर त्याचे पैसेही मोजायचे.

तरीही मी लोखंडी कपाटावरच भागवीत आलो होतो. १० जुलै २०२४ या दिवशी माझे डोळे उघडले. सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात. त्याआधी २१ मार्चला पहाटे लागोपाठ दोन धक्के बसलेच होते. तिकडे वसमत तालुक्यात पांगरा शिंद्याच्या बाजूचे लोक तर जमिनीतून येणारे आवाज गेली काही वर्षे ऐकत आले आहेत. त्या सकाळी आई अंथरुणातच होती. तिच्या उशाशी साडेसहा फुटी लोखंडी कपाट, त्यावर दोन ट्रंका आणि माझ्या जुन्या मासिकांचे गठ्ठे. कपाट पुढे झुकले, खडखडले आणि पुन्हा मागे टेकले. एक गठ्ठा खाली आला तो उशीपासून वीतभर अंतरावर. आई काही बोलली नाही. त्या रात्रीपासून तिने अंथरूण बैठकीत, दाराजवळ घातले, आणि पुढे वर्षभर ती तिथेच निजली.

गावच्या जाड भिंतींची आठवण काढून मी उसासे टाकू लागलो, की आमची सौ. मला किल्लारीची आठवण देते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतेक अशाच दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली. फडताळ फुकट देणारी भिंत एवढी किंमत मागू शकते, हे विसरून चालणार नाही. तेव्हा घर बारीक भिंतींचेच बरे. कपाटे मात्र त्या भिंतींना धरून उभी राहिली पाहिजेत.

मिस्तरी आले, फीत लावली आणि दर्शनी चौरस फुटाचा भाव सांगून गेले. कपड्यांचे कपाट ४२ फूट, पुस्तकांचे ४२, स्वयंपाकघर २४ आणि आईच्या खोलीत दारावरून खाटेपर्यंत माळा १२. एकूण १२० चौरस फूट, दर ११००, म्हणजे १ लाख ३२ हजार. आमच्या गाठीला होते ९० हजार.

इथे पहिला धडा शिकलो. दर्शनी फुटाचा भाव फक्त तोंड मोजतो. कपड्यांचे कपाट दोन फूट खोल, पुस्तकांचे एक फूट. माल निम्म्याने कमी, पण भाव एकच. म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. प्लायवूडचा पाट आठ फूट बाय चार फूट. फूटभर रुंदीचे त्यातून चार पट्टे निघतात. माझे पुस्तकांचे कपाट सहा फूट रुंद, सात फूट उंच, मधोमध एक उभा पडदा. उभे पट्टे तीन. खालून वरपर्यंत आडव्या सात ओळी, प्रत्येकी तीन-तीन फुटांचे दोन तुकडे. त्यांना लागतात सात पट्टे. एकूण दहा पट्टे, म्हणजे तीन पाटांत काम होऊन अर्धा पाट उरतो. दारे लावायची झाली, तर उरलेला अर्धा धरूनही आणखी दोन पाट हवेत. शिवाय दोन्ही अंगांनी सनमायका, सोळा बिजागऱ्या आणि त्यांची मजुरी. पुस्तकांना दारे कशाला? दाराआडची पुस्तके वाचली जात नाहीत, हे मी ग्रंथालयात पाहत आलो आहे. तेव्हा दारे गेली.

मधला पडदा काढून आणखी वाचवावे, असाही मोह झाला. मिस्तरींनी तो हाणून पाडला. पुस्तकांच्या फूटभर ओळीचे वजन आठ-दहा किलो सहज भरते. त्याच जाडीच्या फळीचा गाळा दुप्पट केला, की तिचा झोक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. अठरा मिलिमीटर फळीला तीन फुटांपुढे आधाराशिवाय सोडू नये. ओट्याखाली पाण्याला टिकणारा, ७१० क्रमांकाच्या मानकाचा प्लाय घ्यावा. कोरड्या खोलीत ३०३ क्रमांकाचा पुरतो.

दारे गेली तेव्हा १६ हजार वाचले. चकचकीत सनमायका आणि आपोआप मिटणारे खण सोडले, १० हजार वाचले. राहिला माळा. तो नेमका आईच्या खाटेवर येत होता. सौ. म्हणाली, “ज्या भीतीपायी कपाटं करतोय, तीच पुन्हा डोक्यावर टांगायची का?” माळा रद्द, १३ हजार २०० वाचले. आकडा ९२ हजार ८०० वर आला.

एवढे झाल्यावर मी विचारले, “मिस्तरी, भिंतीला बांधायचे किती?” ते म्हणाले, “सर, कपाटाचं वजनच एवढं आहे, ते कुठं जातंय!” ज्या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप, ती अंदाजपत्रकात एका ओळीनेही नव्हती. ती मी लिहायला लावली. वरच्या कडेला लोखंडी कोनपट्ट्या. फास्टनर नुसत्या गिलाव्यात नाही, पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये. जड कपाटे साडेचार इंची भिंतीला नाही, नऊ इंचीला. काचसामानाच्या दारांना अडकणाऱ्या कड्या. जड पुस्तके तळाला. सगळ्याचे झाले १७०० रुपये. एकूण ९४ हजार ५००. वरचे साडेचार हजार माझ्या वर्षाच्या पुस्तकखरेदीतून गेले, आणि नवी पुस्तके नसल्यामुळे कपाटात जागाही उरली.

लाखाच्या हिशेबात सर्वांत लहान आकडा हाच होता, आणि तो कुणाला दिसत नाही. पाहुणे येतात, सनमायकावरून हात फिरवतात. कपाटाच्या माथ्यावरची कोनपट्टी पाहायला कोण चढतो? म्हणून सांगतो वाचकहो, काटकसर करायची तर तोंडावर करा, पाठीवर करू नका.

काम संपल्याच्या संध्याकाळी आई आपल्या खोलीत आली. दोन्ही हातांनी नव्या कपाटाची कड धरून तिने ते जोर लावून ओढले. पुन्हा एकदा ओढले.

“हालत नाही रे,” ती म्हणाली, आणि बैठकीतली वळकटी आणायला तिने मला पाठवले.