सकाळचा परवाना, दुपारचा पूर

१४ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी अमेरिकेतील यूटा राज्याच्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीतून सात जणांच्या एका गटाने ‘कीहोल’ नावाच्या चिंचोळ्या घळईत उतरण्याचा परवाना घेतला. त्या दिवशी अचानक पूर येण्याचा संभव बराच आहे, असे हवामान खात्याचे भाकीत होते आणि कचेरीतील कर्मचाऱ्यांनी ते गटाच्या कानांवर घातलेही होते. आपली सुरक्षितता ही आपलीच जबाबदारी आहे, अशा आशयाच्या मजकुराखाली रीतसर सही झाली आणि परवाना हाती पडला. दुपारी अडीचच्या सुमारास पुराचा प्रत्यक्ष इशारा जाहीर होऊन उद्यानाने सर्व घळया बंद केल्या. परंतु दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंचीचे कातळ असलेल्या त्या जागी शिरलेल्या माणसांपर्यंत ही बातमी पोचविण्याचे कोणतेही साधन नव्हते. सातही जण बुडाले.

त्या दुपारी उद्यानातून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेचा प्रवाह अवघ्या पंधरा मिनिटांत ५५ क्युसेकवरून २६३० क्युसेकवर गेला. खडकवासल्याच्या किंवा कोयनेच्या विसर्गाचे आकडे वाचण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा आकडा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या घळईत दोन्ही हात पसरले असता दोन्ही भिंतींना स्पर्श होतो, तेथे याच्या अल्पांशानेही माणसाचा निभाव लागत नाही.

कोलोरॅडो पठारावरील या प्रदेशाची प्रकृतीच मुळी निराळी आहे. अँटिलोप घळईजवळच्या पेज या गावी वर्षाकाठी जेमतेम सहा-सात इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरी एवढा पाऊस जुलैच्या एखाद्या दिवसात होऊन जातो. मात्र तेथील पावसालाही अधिकृत नाव ‘मान्सून’ असेच आहे आणि हवामान खाते त्याची मुदत १५ जून ते ३० सप्टेंबर अशी धरते. फरक असा की, आपला मान्सून दिवसेंदिवस आभाळ झाकून राहतो, तर तेथे सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात दुपारी ढगांचे मनोरे उभे राहतात आणि चार-पाच मैलांच्या टापूत धुवाधार कोसळून तासाभरात नाहीसे होतात. खाली पाणी जिरवून घेणारी माती नाही, पाणी अडवणारी झाडी नाही. आहे तो उघडा वालुकाश्म. त्यावर पडलेला प्रत्येक थेंब उतार धरतो आणि विस्तीर्ण पाणलोटाचे सारे पाणी अखेर एका भेगेत उतरते.

त्यामुळे घळईत उभे राहून वर आकाशाकडे पाहण्याला काही अर्थ उरत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप घळईत अकरा पर्यटक वाहून गेले, तेव्हा त्या ठिकाणी नाव घेण्याजोगा पाऊस नव्हता. वादळ झाले होते ते कित्येक मैल वरच्या अंगाला. घळईत उतरण्यासाठी लावलेल्या लाकडी शिड्या लोंढ्याबरोबर गेल्या. मृतांपैकी दोघांचे देह कधीच सापडले नाहीत. ही घळई नवाहो लोकांच्या भूमीत आहे. त्या दुर्घटनेनंतर तेथे कातळात पक्क्या बसविलेल्या पोलादी शिड्या आल्या, हवामानाची वार्ता देणारे रेडिओ आले आणि आज नवाहो वाटाड्यांवाचून कोणालाही आत पाऊल टाकता येत नाही.

दोरांच्या साहाय्याने कडे उतरणे, थंडगार डोहांतून पोहून जाणे आणि घळई वरून खालपर्यंत पार करणे, या साहसाला तिकडे कॅन्यनिअरिंग म्हणतात. त्यात एकदा दोर खेचून घेतला की मागे फिरण्याची वाट बंद होते. पाऊस येऊन गेल्यावरही त्याचा परिणाम पुष्कळ दिवस टिकतो. खडकातील रांजणखळगे भरतात. कोरडे असताना ज्यांतून वर चढून येणे दुष्कर असते, ते काठोकाठ भरले म्हणजे पोहून सहज ओलांडता येतात. पण ऊन न पोचणारे ते पाणी अंगातील उष्णता इतक्या झपाट्याने शोषते की, वाळवंटात माणूस थंडीने मरावा अशी विपरीत परिस्थिती उद्भवते.

घळईचा विचार होतो, तेवढा तिच्याकडे नेणाऱ्या रस्त्याचा होत नाही. वास्तविक पावसाची पहिली वर्दी रस्ताच देतो. ग्रँड स्टेअरकेस-एस्कलान्टे या संरक्षित प्रदेशातून जाणारा सुमारे ४६ मैलांचा कॉटनवुड कॅन्यन रस्ता, किंवा एस्कलान्टे गावाहून निघणारा, १८७९-८० साली मॉर्मन वसाहतकऱ्यांनी वाट पाडलेला होल-इन-द-रॉक रस्ता, हे दोन्ही कच्चे आहेत. त्यांच्या वाटेवरील काही थरांत बेन्टोनाइट जातीची चिकणमाती आहे. दख्खनच्या काळ्या रानात पावसाच्या दिवसांत ज्याने पाय घातला आहे त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही, कारण दोहोंतील फुगणारे खनिज एकाच कुळीतले आहे. पाणी पिऊन ही माती फुगते, चाकांना थरावर थर लपेटते आणि चारही चाकांना जोर असलेली मोटार साबणावरून घसरावी तशी कडेच्या चरात जाते. उलट वाळूच्या टप्प्यावर हलकी सर आली तर रस्ता दबून अधिक चांगला होतो. म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच पावसाचे दोन विरुद्ध परिणाम! ‘ओला असता दुर्गम’ अशा पाट्या तेथे आहेत. पण पाटी म्हणजे फाटक नव्हे. सकाळी कोरड्या रस्त्याने आत गेलेला प्रवासी संध्याकाळी बाहेर येऊ शकेल, याची शाश्वती कोणीही देत नाही.

शिवाय हे रस्ते केवळ हौशी प्रवाशांचे नाहीत. कीहोलमधील सात जण बुडाले त्याच दिवशी सायंकाळी हिल्डेल या गावी ओढ्याच्या लोंढ्यात सापडून दोन मोटारी वाहून गेल्या. त्यांत सोळा स्त्रिया आणि मुले होती; तेरा जण दगावले, तीन मुले तेवढी वाचली. या लोकांनी कसलाही परवाना घेतलेला नव्हता वा साहसाची हौस केलेली नव्हती; ते आपल्याच गावच्या रस्त्यावर होते. नवाहो प्रदेशातील बहुसंख्य रस्ते आजही मातीचे आहेत. पाऊस वा बर्फ झाले की शाळेच्या बसगाड्या पोचत नाहीत आणि मुले घरी राहतात, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात नोंदविले आहे. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र बहुधा दोर घेऊन उतरलेल्यांच्याच वाट्याला येतात.

कीहोलच्या दुर्घटनेनंतर उद्यानाने परवाने दिलेच कसे, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याला उत्तर नाही असे नव्हे. भाकीत हे विस्तीर्ण प्रदेशासाठी असते. नेमक्या कोणत्या घळईच्या माथ्यावर ढग फुटेल हे सकाळी सांगणे कोणत्याही शास्त्राला शक्य नाही. संभव दिसला की सारे बंद, असे धोरण ठरले तर उन्हाळ्याचे कित्येक आठवडे उद्यानाला टाळे लागेल आणि प्रौढ, अनुभवी माणसांचे स्वतःचा धोका स्वतः पत्करण्याचे स्वातंत्र्यही हिरावले जाईल. हा युक्तिवाद बिनतोड नसला तरी प्रामाणिक आहे.

परंतु त्यात एक उणीव राहते. परवाना दिला जातो सकाळी, धोका उद्भवतो दुपारी आणि मधल्या काळात माणूस संपर्काच्या पलीकडे गेलेला असतो. सहीने कायदेशीर जबाबदारीचे वाटप होते. वरच्या पाणलोटात काय घडते आहे, याचे ज्ञान काही सहीबरोबर हस्तांतरित होत नाही. त्याच झायनमधील ‘नॅरोज’ या प्रसिद्ध वाटेसाठी नियम अधिक सुबोध आहे. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की, किंवा पुराचा इशारा निघाला की, ती वाट बंद होते. तेथे प्रवाशाच्या आत्मविश्वासाला विचारले जात नाही. अवघड घळयांच्या बाबतीतही परवान्यावर केवळ तारीख न घालता आत शिरण्याची अखेरची वेळ घालणे, त्या वेळेला घळईच्या तोंडाशी ताजा अंदाज मिळण्याची सोय करणे आणि माथ्यावरच्या पर्जन्यमापकाशी जोडलेला भोंगा बसविणे, या गोष्टी खर्चाच्या असल्या तरी अशक्य कोटीतल्या नाहीत. तिकीट लावून माणसे खाली नेली जातात, तेथे तर त्यांना पर्याय नाही. अँटिलोपमध्ये त्यांतील बराच भाग अकरा जीव गेल्यावर का होईना, अमलात आला.

महाराष्ट्रात याच्या उलट टोक गाठले जाते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ मनाई आदेश निघाले. दुर्घटना, बंदी, विस्मरण हा क्रम इकडे ठरून गेला आहे. सांधण दरीसारखी सह्याद्रीतील घळई पावसाळ्यात वर्ज्यच आहे आणि त्याबद्दल कोणाचा वाद नाही. प्रश्न आहे तो ऑक्टोबरातील परतीच्या पावसाचा आणि मे महिन्यातील वळवाचा. त्या दिवसांत दुपारी ढग चढतात ते थेट यूटातल्यासारखेच, आणि दरीच्या वरच्या अंगाला किती पाणी झाले हे खालच्या ट्रेकरला कळविणारी व्यवस्था येथेही नाही. साम्रदच्या ग्रामस्थाला वरचा ढग पाहून जे उमगते, ते पुण्या-मुंबईहून बस भरून आणणाऱ्या संयोजकाने विचारून घ्यावे, एवढी साधी अटही कोणत्याही आदेशात दिसत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेली किंवा मुलाबाळांना भेटायला गेलेली अनेक मराठी कुटुंबे ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुटीत याच प्रदेशाची सहल आखतात. तो काळ नेमका तिथल्या मान्सूनचा असतो. मुक्कामाच्या खोलीत दाखविले जाणारे हवामान त्या गावापुरते असते. ज्या घळईत जायचे तिचे पाणी कोठून येते, तेथे आदल्या रात्री पाऊस झाला होता काय आणि परतीचा कच्चा रस्ता कोणत्या मातीतून जातो, हे तीन प्रश्न भूव्यवस्थापन खात्याच्या किंवा उद्यानाच्या स्थानिक कचेरीत विचारले, तर तेथील कर्मचारी नकाशा पुढे ओढून उत्तरे देतात. त्यासाठी कसलाही परवाना लागत नाही.