फेरफाराची नोंद

जुन्या मोटारींच्या कोणत्याही मेळाव्यात एक गृहस्थ हटकून भेटतात. बॉनेट उघडे दिसले की ते वाकतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि क्षणभराने मान हलवून म्हणतात, ‘‘कार्ब्युरेटर ओरिजिनल नाही.’’ मालकाचा चेहरा उतरतो. लग्नघरात येऊन मुलीच्या पत्रिकेत मंगळ असल्याचे सांगावे, तसा हा प्रकार. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत या गृहस्थांचे म्हणणे चूक नसते. कुणा डॉक्टरांनी व्हिजिटला जाण्यासाठी घेतलेली ऑस्टिन कारखान्यातून आली त्याच रूपात जपावी, हे मलाही मान्य आहे. पण एखादी गाडी जर शर्यतीत धावलेली असेल, तर तिच्यात ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचे?

हा प्रश्न हौशी मंडळींच्या चहापुरता आता राहिलेला नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र ठरते. शुल्क 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि तपासणीला राज्याने नेमलेली समिती. जुन्या गाड्यांना भंगाराच्या तराजूपासून दूर ठेवणारी ही व्यवस्था चांगलीच म्हणायला हवी. मात्र तिच्यात एक अट आहे. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. व्हिंटेजचा नाद सोडून साधी नोंदणी चालू ठेवावी म्हटले, तर तिथे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उभे आहे. कारखानदाराने ठरवलेल्या तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांपुरता तो निर्णय रास्तच आहे. कर्णकर्कश सायलेन्सर लावून रात्री निगडी-प्राधिकरणातून फिरणाऱ्या पोरांना ऐकून ज्याची झोप उडते, तो या निर्णयाला दुवाच देईल. पण शर्यतीतून निवृत्त झालेली गाडी या दोन दारांच्या मधल्या बोळात अडकते.

आपल्याकडे ही अडचण युरोपपेक्षा जास्त खोल आहे, कारण आपल्याकडे स्पोर्ट्स मोटारी मुळातच दुर्मीळ. स्वातंत्र्यापूर्वी विलायती गाड्या येत होत्या. ज्या टेल्कोच्या पाळ्यांवर पुढे अर्ध्या पिंपरी-चिंचवडचे घड्याळ चालले, तिचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले जेआरडी टाटा तरुणपणी बुगाटी पळवत. त्या वेगापायी खटला झाला, म्हणून त्यांनी जॅक विकाजी हा वकील गाठला आणि 1930 मध्ये वकिलाच्या पुतणीशी, थेल्माशी, लग्न केले. (वेगमर्यादा मोडण्याचा याहून चांगला परिणाम माझ्या ऐकिवात नाही.) पुढे परवाना राज आले, आयात आटली. शर्यतीची हौस मात्र आटली नाही. मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवल्या आणि पुढची तीनेक दशके देशभरचे शौकीन आपापल्या गाड्या घेऊन तिथे जात राहिले. नेलेल्या गाड्या बहुतेक कोणत्या, तर फियाट आणि हेरल्ड. म्हणजे घरगुती गाड्या.

कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली फियाट घ्या. इंजिन 1089 सीसीचे, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगखाली. कुटुंबाला घेऊन महाबळेश्वर गाठायला ती पुरेशी होती. शर्यत जिंकायला नव्हे. मग हेड काढून त्याचा तळ मिलिंग मशीनवर अगदी थोडा घासायचा, म्हणजे दहनकक्ष आकसतो आणि कॉम्प्रेशन वाढते. व्हॉल्व्ह मोठे करायचे, पोर्ट आतून गुळगुळीत करायचे, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवायचे. स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत आणायची. मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरे काढून वजन उतरवायचे. एवढे झाल्यावर उरते ती आपली स्पोर्ट्स कार. इटलीत कुणीतरी आराखड्यावर आखलेली नव्हे, तर एखाद्या मिस्त्रीने गॅरेजच्या फरशीवर खडूने आखलेली.

हा मिस्त्री मी थोडाफार पाहिला आहे. बँकेतल्या नोकरीची माझी काही वर्षे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत गेली. 1980 च्या दशकाची ती अखेर. तारण मालाची तपासणी करायला शेडमध्ये गेले की मोठ्या कारखान्यांच्या जॉबवर्कचे ढीग मोजायचे: बुश, पिना, शाफ्ट, सगळे एकसारखे, शेकड्यांनी. एका शेडमध्ये त्या ढिगाशेजारी ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेला एकच कॅमशाफ्ट दिसला. हा कोणत्या ऑर्डरचा, असे विचारल्यावर मालक संकोचून म्हणाले, ‘‘साहेब, हा स्टॉकमध्ये धरू नका. हा मद्रासला जाणाऱ्या गाडीचा आहे.’’ दिवसभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम माल काढणारा तो माणूस पाळी सुटल्यावर स्वतःच्या डोक्याने एक वस्तू घडवत होता. मी ती स्टॉकमध्ये धरली नाही.

आता त्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर मालकाने काय करायचे? नियमाचा सरळ अर्थ घेतला तर तो कॅमशाफ्ट काढायचा, घासलेले हेड फेकायचे, जुन्या बाजारातून कारखान्याचे सुटे भाग जमवायचे, मागची सीट पुन्हा ठोकायची. हाती येईल ती आणखी एक फियाट. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तोवर तशा हजारो धावत होत्या. मूळ स्वरूप राखण्याच्या नावाखाली आपण जिला जोड नाही अशी वस्तू मोडायची आणि जिच्या हजारो प्रती निघाल्या तिची आणखी एक प्रत तयार करायची, असा हा व्यवहार आहे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर बुडीत.

या वादावर इंग्लंडमध्ये थेट उच्च न्यायालयात खल झाला आहे. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. नंतर तिच्यात एवढे बदल झाले की 1932 मध्ये ब्रुकलँड्सला ती धावली तेव्हा तिच्यात आठ लिटरचे नवे इंजिन होते. त्या शर्यतीत अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला आणि गाडी पुन्हा नव्याने बांधावी लागली. पुढे ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. खरेदीदाराने ऐनवेळी पाय मागे घेतला; म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी पुर्जा पुर्जा तपासला. 1929 च्या गाडीतले जवळपास काहीच उरले नव्हते. 1930 च्या गाडीतले गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा यांसारखे मोजके भाग तेवढे होते. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. गाडी एकदाही नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरी आलेली नव्हती; एकच गाडी सलग बदलत गेली, तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ती तीच, असे न्यायालयाने ठरवले.

आपल्याकडच्या तलाठ्याला हा निकाल समजायला दोन मिनिटे लागणार नाहीत. चिंचवड-भोसरी-चाकणच्या ज्या जमिनींवर आज कारखाने आहेत, तिथे कधी ज्वारी-बाजरी होती. खातेदार बदलले, वाटण्या झाल्या, संपादन झाले, आणि प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत, चढला. जमिनीवर कर्ज मागायला येणाऱ्याकडे आम्ही सातबारा तर मागतच असू, पण कोरा करकरीत सातबारा समोर आला की आधी जुने फेरफार आणायला सांगत असू. बदल झाले आहेत याचे बँकेला कधी भय नव्हते. भय होते ते नोंद न झालेल्या बदलाचे.

जुन्या गाड्यांच्या जगातही ही समज आहे. ‘फिव्हा’ ही 1966 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना ऐतिहासिक वाहनांना ओळखपत्र देते. तिच्या वर्गवारीत कारखान्याच्या स्थितीतल्या गाड्यांचा ‘ए’ हा प्रकार आहेच, शिवाय गाडीच्या उमेदीच्या काळात बदललेल्या गाड्यांचा ‘बी’ हा स्वतंत्र, मानाचा प्रकार आहे. तो काळ सरल्यानंतर केलेल्या बदलांना वेगळा वर्ग, आणि हुबेहूब नकलांना आणखी वेगळा. आपल्या नियमाला हा ‘बी’ तेवढा ठाऊक नाही.

यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. बदल चालतो म्हटले की उद्या कोणीही उठेल, भंगारातली फियाट आणून तिला पट्टे मारील, दोन कार्ब्युरेटर ठोकील आणि ही शोलावरमची गाडी म्हणून विकील. एका चासी नंबरवर दोन गाड्या उभ्या राहिल्याची प्रकरणे परदेशात झाली आहेत, आणि आपण काही साधुसंतांच्या देशात राहत नाही. म्हणून माझी रेषा मी काळावर ओढतो. गाडी स्पर्धेत असताना जे झाले ते तिचे. स्पर्धा संपल्यावर जे झाले ती दुरुस्ती, आणि ती दुरुस्ती म्हणूनच लिहिली जावी. आज शर्यतीच्या गाडीसारखी सजवली ती नक्कल, मग ती कितीही देखणी असो. पुरावा देण्याचे ओझे मालकावर. बाजाराच्या भावावर मात्र हा निवाडा सोपवू नये. मर्सिडीजची 1955 ची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे मे 2022 मध्ये साडेतेरा कोटी युरोंना गेली. ती बांधली शर्यतीसाठी, पण शर्यतीत एकदाही उतरली नाही. तिच्या अंगावर ओरखडा नसणार हे ओघानेच आले.

तेच मर्सिडीजचे बोधचिन्ह आज चाकणच्या रस्त्यावर कारखान्याच्या माथ्यावर दिसते. पण चाकणचा खरा पेच शेजारच्या फोक्सवॅगनने निर्माण करून ठेवला आहे. 2009 मध्ये तो कारखाना सुरू झाला आणि 2010 पासून ‘पोलो कप’ची शर्यत-मालिका देशात धावू लागली. कंपनीच्या चाकणच्या मोटरस्पोर्ट विभागाने पुढे शर्यतीच्या गाड्या तयार केल्या. आत पोलादी पिंजरा वेल्ड केलेल्या, एकच सीट असलेल्या. या गाड्या कधी आरटीओत गेल्याच नाहीत. ट्रेलरवरून गेल्या आणि ट्रेलरवरून आल्या. त्या पहिल्या मालिकेतली एखादी पोलो 2060 साली पन्नाशीची होईल. नियम वय मोजतो पहिल्या नोंदणीपासून, आणि हिची नोंदणीच नाही. म्हणजे मावळात-खेडात घडलेल्या शर्यतीच्या गाडीला खुद्द एमएच-14 मध्येच जन्मतारीख नसेल.

2060 दूर आहे. शोलावरमच्या गाड्यांना तेवढा वेळ नाही. त्यांच्यापैकी बऱ्याचशा पन्नाशी ओलांडून बसल्या आहेत. केंद्राने नियमात काळानुरूप बदलाचा एक वर्ग घालावा आणि राज्याच्या समितीने पुरावा म्हणून क्लबच्या प्रवेशयाद्या, तारखेसह छायाचित्रे आणि वर्कशॉपची बिले ग्राह्य धरावीत. ज्यांनी ती कामे केली ते टर्नर आणि फिटर आज सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. आपल्या हाताने घासलेले हेड ते अजूनही ओळखतात, आणि त्यांचे सही केलेले निवेदन एका कागदाचे काम आहे. त्यांची मुले शेड भाड्याने देऊन टाकतात तेव्हा लेथला गिऱ्हाईक मिळते. माळ्यावरची बिलबुके किलोने जातात. ज्यांच्याकडे अशी बिलबुके अजून आहेत, त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत तेवढी बाजूला काढून ठेवावीत.